ओल धरलेली भिंत आणि मी

मित्रांनो, मी एक जुना लाकडी पलंग आहे. ज्या घरात मी आहे ते सामानासकट भाड्याने दिले जाते. माणसे येतात, राहतात, निघून जातात. मी मात्र जागचा हलत नाही.

मला घडवले ते मालकीणबाईंच्या दोन मुलींसाठी. धाकटी झोपेत खाली पडायची, म्हणून सुताराने माझे पाय मुद्दाम बुटके ठेवले. त्या दोघी माझ्यावर बसून भांडल्या, अभ्यास केला, एकमेकींच्या उशा पळवल्या. पुढे त्या आपापल्या संसाराला लागल्या. मालकीणबाईही थोरलीकडे राहायला गेल्या आणि हे घर भाड्याने दिले. निघताना त्या माझ्यावरून कितीतरी वेळ हात फिरवत बसल्या होत्या.

पहिले भाडेकरू म्हणजे चार तरुण मित्र. मनाने वाईट नव्हते, पण ‘भाड्याचंच तर आहे!’ हे त्यांचे पालुपद. एकदा आवडता संघ जिंकला म्हणून चौघांनी माझ्यावर उड्या मारल्या आणि माझा एक पाय मोडला. त्यांनी खाली विटा रचल्या, वरून चादर लांब सोडली आणि घर सोडताना अवाक्षरही काढले नाही. मालकीणबाईंना ते फार लागले. माझा पाय पुन्हा जोडला गेला, पण त्यांचा विश्वास काही जुळला नाही.

त्यामुळे पुढे एक नर्सताई आपल्या वडिलांना घेऊन राहायला आली, तेव्हा मालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी तिला ही सगळी कहाणी ऐकवली. शिवाय आपल्याजवळच्या किल्लीने दार उघडून त्या केव्हाही आत येऊ लागल्या. एकदा ताईचे वडील अंघोळ करून टॉवेल गुंडाळून बाहेर आले, तर समोर मालकीणबाई वाकून माझे पाय तपासत होत्या! दोघांचीही तारांबळ उडाली.

त्या संध्याकाळी ताईने फोन केला. “काकू, घर तुमचंच आहे. पण आम्ही राहतोय तोवर आधी कळवून येत जा. आणि बेल वाजवा.”

“माझ्याच घराची बेल मी वाजवायची?” पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला.

“हो काकू. आम्ही भाडं देतो ते दार लावून निवांत बसता यावं म्हणूनच ना?”

मालकीणबाई रुसल्या. त्यांनी येणेच बंद केले.

नेमकी तेव्हाच माझ्या उशाकडची भिंत ओल धरू लागली. रंगाला फुगे आले, माझी उशाकडची उभी फळी मागून मऊ पडली. माझ्यावर झोपणाऱ्या बाबांना खोकला सुरू झाला. ताईने लगेच कळवले. “तुम्हीच ओले कपडे वाळत घातले असतील,” असे म्हणून मालकीणबाईंनी फोन ठेवला.

“जाऊ दे गं,” बाबा म्हणाले. “पलंग पुढे ओढ, भिंतीला पडदा लाव. कशाला वाईटपणा घ्यायचा?”

“बाबा, त्या पोरांनी चादर सोडली, आता आपण पडदा सोडायचा?” ताईने पुन्हा फोन लावला. “काकू, मला खोटं ठरवा, पण एकदा येऊन बघा. येताना प्लंबरला घेऊन या.”

त्या आल्या. प्लंबरने भिंत थोडी फोडली आणि मान हलवली. “बाथरूमचा पाइप आतून गंजलाय. राहणाऱ्यांची काही चूक नाही, बाई. वेळेवर सांगितलं म्हणून बरं, नाहीतर सगळी भिंत गेली असती.”

मालकीणबाईंनी माझी कुजकी फळी बोटाने दाबून पाहिली. मग म्हणाल्या, “पाइप माझा, भिंत माझी. फळीही मीच बदलून देते.”

तेवढ्यात बाबा खाकरले. बस चालवण्यात ज्यांचा जन्म गेला, ते बाबा शाळकरी मुलासारखे अवघडून उभे होते. “थांबा. फळीला पुढून चीर गेलीय ना, ती ओलीनं नाही. चष्मा अडकवायला मी खिळा ठोकला होता. तुम्हाला विचारलं नव्हतं. तेवढं काम माझ्याकडे.”

मालकीणबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांना हसू फुटले. “अहो, सांगायचंत तरी! कप्पाच करून दिला असता.”

नव्या फळीला खरोखरच चष्म्यापुरता कप्पा आहे. सुताराला हाताखाली बाबा होते आणि मला पॉलिश केले तेही त्यांनीच. मालकीणबाई खुर्ची टाकून “इकडे राहिलं, तिकडे राहिलं” म्हणत बसल्या होत्या. इतके लाड माझे नवेपणीही झाले नव्हते.

मित्रांनो, कुणाच्या घरात राहायला गेलात, तर मोडलेले झाकू नका, आधी सांगा. आणि कधी तुमचे घर कुणाला दिलेत, तर सांगणाऱ्यावर रागावू नका. लाकडाला तोंड नसते हो, आमच्या वतीने तुम्हालाच बोलावे लागते.

आता पुरे करतो. बाबा वामकुक्षीला आले आहेत. त्यांचा खोकला गेला. घोरणे मात्र कोणत्याच दुरुस्तीत बसत नाही, आणि खरे सांगू? मला त्याच्याशिवाय करमतही नाही.