मुंगीएवढा माणूस

ही २०१९ सालची गोष्ट. त्या वर्षी गुड फ्रायडे एप्रिलच्या मध्यानंतर आला होता, उन्हाळा सुरू झाला होता.

पुण्यात फ्रेंच शिकवून निवृत्त झाल्यावर मी शारजात, अल मजाजला मुलाकडे राहत होते. लुसिएन वार्दो हा फ्रेंच दिग्दर्शक आपला शेवटचा चित्रपट करायला अमिरातीतल्याच रास अल खैमाला आला, तेव्हा दुभाषी म्हणून मला बोलावणं आलं. त्याचे सिनेमे मी तरुणपणी फिल्म सोसायटीत पाहिले होते. कॅमेरा दूर टेकडीवर, अगदी स्थिर. खाली अफाट माळ आणि त्यात मुंगीएवढा माणूस चालत राहायचा. कट नाही, संगीत नाही. आम्ही भारावून घरी यायचो.

आमच्या शेजारचा एडविन वसईचा, हॉटेलात रिसेप्शनवर होता. गावच्या नाटकांत कामं केलेला. सिमेंट कारखान्यातल्या मजुराची भूमिका त्याला मिळाली. गुड फ्रायडेलाच माळावर त्याचा शॉट होता; बायको जॉयसही त्या दिवशी सोबत आली.

"एक घोट तरी घे रे," ती म्हणाली.

"तीन वाजेपर्यंत पाणीसुद्धा नाही. दर गुड फ्रायडेला पाळतो ना?"

"एसीत बसून पाळतोस, हीरो!"

"अगं, साहेब फ्रेंच, म्हणजे कॅथलिक, आपल्यातलाच. त्याचाही उपास असणार. मी पाणी मागितलं तर काय वाटेल त्याला?"

टेकडीवरच्या तंबूत वार्दो कॉफी पीत होता. मी त्याला एडविनच्या उपासाचं सांगितलं, शॉट उद्या घ्या म्हटलं.

"हा धुरळा उद्या नसेल," तो म्हणाला. "आणि तहानलेला माणूस खरा चालतो."

त्याचा एक नियम होता. वर केलेला हात तो खाली आणेपर्यंत चौकटीत कुणी शिरायचं नाही. एडविन चालू लागला. बराच लांब गेल्यावर वाकला, बसला, मग आडवा झाला. युनिटची माणसं खूश दिसली. वार्दोच्या सिनेमात माणसं अशीच पडायची.

"हे ठरलं होतं?" मी विचारलं. वार्दो मॉनिटरकडे बघत राहिला. हात वरच.

"काकू, तो नाटक नाही करत!" जॉयस ओरडली आणि टेकडी उतरत धावली. ड्रायव्हर उमरने कुणाला न विचारता गाडी माळात घातली.

एडविन हॉस्पिटलच्या वाटेवरच गेला.

वार्दोने तो शॉट चित्रपटात ठेवला, जॉयस चौकटीत शिरते तिथे कापून. चित्रपटाला पारितोषिक मिळालं, पुढच्या हिवाळ्यात वार्दो वारला. शॉट बिघडवला म्हणून उमरला काढून टाकलं; तो आता टॅक्सी चालवतो. मी नातीला फ्रेंच शिकवते. जॉयस वसईला सासूकडे गेली, दोघी केक करून विकतात. प्रीमियरचं निमंत्रण तिला आलं होतं. ती गेली नाही.