बेशरमवाली मास्तरीण

गावाचं नाव मी घेत नाही. भंडारा जिल्ह्यातलं आहे, नगरपालिका आहे, एवढं पुरे. नाव घेतलं तर कोणाच्या तरी नाकाले मिरच्या झोंबतीन, अन् या वयात मले भांडाले वेळ नाही. खोटं बोलली. भांडाले मले आजही वेळच वेळ आहे.

मी ललिता. नगरपालिकेच्या शाळेत चौथीले शिकवत होती. शाळेच्या मागं जुना तलाव. गाव वाढता वाढता तो गावाच्या मधात आला, अन् गावानं सारा कचरा त्याच्यात लोटला. काठानं बेशरम माजली. बेशरम म्हणजे ते जांभळ्या फुलाचं झुडूप. जनावर त्याले तोंड लावत नाही, अन् काडी तोडून फेकली तर तिथंच पुन्हा उगवते. पाण्यावर एखादंच पाखरू उतरे.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात मी वर्गातल्या पोट्ट्या घेऊन तलावात उतरली. जे दिसलं ते मुळासकट उपटलं. चार दिवसांत तलाव चकाचक! मी कमरेवर हात ठेवून उभी, तं इश्वर ढिवर आला. मासे मारता मारता त्याचा जन्म या तलावात गेला. त्यानं माह्या ढिगातून गवताचा एक झुपका उचलला.

"बाई, हे काहून उपटलं?"

"गवत आहे न."

"देवधान आहे. पाखरं याच्यातच घर बांधते. बेशरमीसंगं तुमी त्याईचं घरबी उपटलं."

अव माय! शिकवणारी मी, अन् मलेच पाखराचं घर ओळखू येत नाही! लाजेनं रडूच आलं. पण रडून काय होते? पावसाळ्यात त्याच पोट्ट्या, तोच इश्वर. आंधळगावाकडच्या तलावातून त्यानं देवधानाचं बी अन् कमळाचे कांदे आणले. काय कुठं लावाचं, ते त्यानं मले शिकवलं अन् मी पोट्ट्याईले. मग दर शनिवारी वर्ग काठावरच भरे. पोट्ट्या घरी जाऊन मायले सांगत, आज जांभळ्या पाणकोंबडीनं पिल्लं काढली. माया पाहाले येत. कोणी कचरा घेऊन आला का पोट्ट्या त्याले असं बोलत, का टोपलं घेऊन तो आल्या पावली परत जाये.

पाच वर्षांनी हाच तलाव नगराध्यक्ष भैयाजीच्या डोळ्यात भरला. बुजवाचा, अन् वर दुकानं काढाची. मी तीन अर्ज दिले, उत्तर एकाचंही नाही. शेवटी ऑफिसातच गेली.

"बाई, दोन चिमण्यांसाठी गावाची प्रगती अडवता?"

"चिमण्या नाही, पाणकोंबड्या. माह्या चौथीत येऊन बसा, शिकवते."

भैयाजी भडकले. "गणपती बसला का दुसऱ्याच दिवशी सकाळी मुरूम टाकतो. मुहूर्त काढला आहे!"

मी मनात म्हटलं, गणपतीचा दुसरा दिवस! त्या दिवशी ऋषिपंचमी असते, हे ज्या घरी बाई आहे त्या घरच्या लेकरालेही समजते. बायाईची आंघोळ, आघाड्याच्या काड्या, अन् उपासाले नांगर न लागलेलं खाणं. ते म्हणजे देवधान. पेरलं नाही, नांगरलं नाही, पाण्यात आपोआप पिकलेलं. आता आमच्या तलावात आमी पेरलं होतं खरं, पण नांगर तं नव्हता न लागला! भैयाजीले मुहूर्त दिसला, घरची बायको दिसली नाही.

मी घरोघरी फिरली. "यंदा वैनगंगेले कोणी जाऊ नका, आपल्या तलावावर या."

पंचमीच्या सकाळी दीडशे बाया पाण्यात. मुरूमाचा ट्रक तलावाच्या पाळीवर, बांधावर, चढला, ड्रायव्हरनं समोर पाह्यलं, अन् बिचाऱ्यानं गाडी बंद करून मान फिरवली. मागून भैयाजी स्कूटरवर आले. आंघोळीच्या जागी माणसानं येवाचं कसं? पाळीच्या पलीकडं पाठ करून उभे राह्यले अन् तिथूनच ओरडले, "किती वेळ लागते अजून?"

पाण्यातून आवाज आला, "यंदा आमची आंघोळ आटपतच नाही! तलाव बुजवला तं पुढच्या पंचमीले मी काय खाऊ? तुमचं दुकान?"

सुंदरबाईचा आवाज. भैयाजीची बायको. दीडशे बाया अशा हासल्या, का देवधानातले बगळे उडाले.

"त्या मास्तरणीनं बिघडवलं तुमाले!" भैयाजीचा आवाज चिरकला. "बेशरम बाई आहे ते! बेशरम!"

मले असा संताप आला! ओल्या लुगड्यानं पाळीच्या पायथ्याशी गेली.

"हाव भैयाजी, बेशरमच आहो. इथं होती ते बेशरम मी माह्या हातानं उपटली. आता तिच्या जागी मी उभी आहो. या, उपटून पाहा. जिथं फेकसान तिथं उगवीन."

पाळीपलीकडं भैयाजीनं स्कूटरले कीक मारली. थोड्या वेळानं ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला, मागं जाताचा. तो मुरूम बाजारातल्या खड्ड्याईत पडला.

तेव्हापासून गावात माहं नाव बेशरमवाली मास्तरीण. म्हणू द्या. तलाव आहे.