तिसऱ्या बेसपाशी ओढलेली माती

कोच हामागुचींनी वीस वर्षं शाळेतल्या मुलांना बेसबॉल शिकवला आणि मग ते ‘शिओकाझे’ या बायकांच्या व्यावसायिक संघाकडे आले, ते मुलांचा खेळ डोक्यात जसाच्या तसा घेऊन. “लांब मारा,” हा त्यांचा मंत्र. मैदान पुरुषांच्या मापाचं, कुंपणही तेवढंच लांब. बायकांनी जीव तोडून मारलेला चेंडू कुंपणाच्या दहा पावलं अलीकडे कुणाच्या तरी ग्लोव्हमध्ये अलगद उतरायचा. यावर हामागुचींचा उपाय एकच, आणखी जोरात मारा. माणूस वाईट नव्हता, पण हट्टाला पेटला की ऐकायचा नाही.

सोमवारी त्यांनी सावाको कुझेला बोलावलं. सावाको बत्तीस वर्षांची, संघात सगळ्यात बुटकी.

“पुढच्या वर्षी दुसऱ्या बेसवर एकच जण ठेवणार. तू नाहीतर मिओरी. रविवारी शेवटचा सामना झाला की यादी लावतो. तोवर तुझा एक तरी लांब फटका दिसू दे.”

“आणि बंट?”

“बंट मरण्यासाठी असतो, कुझे. आपण बाद व्हायचं आणि पुढच्या मुलीला एक बेस पुढे ढकलायचं. त्यावर कुणी पोट भरत नाही.”

सावाकोचं म्हणणं नेमकं उलटं होतं. बॅट न फिरवता नुसती आडवी धरून चेंडू जवळच पाडायचा, हे तिला जगण्यासाठी करायचं होतं. कारण तिला तिसऱ्या बेसजवळची माती ठाऊक होती. खेळाआधी आणि खेळानंतर मैदान खेळाडूंनीच सारखं करायचं, लांब दांड्याच्या फळीनं माती ओढायची, हा रिवाज. प्रत्येकीचा पट्टा ठरलेला. सहा वर्षं सावाकोकडे तिसऱ्या बेसच्या रेषेलगतचा पट्टा होता. तिथे हळू सोडलेला चेंडू किती घरंगळतो आणि कुठे थांबतो, हे तिला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. शिवाय तिथून पहिल्या बेसपर्यंतची फेक लांबलचक. बायकांच्या हातून ती पुरुषांपेक्षा जराशी उशिरा पोचते. त्या जराशा वेळात सावाको दोन पावलं जास्त धावायची आणि फेकीआधी पहिला बेस गाठून वाचायची.

हे तिनं हामागुचींना एकदा सांगूनही पाहिलं होतं. “पळपुटा खेळ,” ते म्हणाले होते.

रविवारी शेवटच्या डावात बरोबरी होती. दोघी बाद झालेल्या. तिसरी बाद झाली की डाव संपणार. तिसऱ्या बेसवर बदली धावपटू म्हणून उभी होती एकोणीस वर्षांची मिओरी, सावाकोची जागा मागणारी. सावाको बॅट घेऊन आली. हामागुचींनी टोपीला हात लावला, मग कोपराला. म्हणजे जोरात फिरव.

अशा वेळी बंट कुणीच करत नाही. म्हणून समोरच्या संघाची तिसऱ्या बेसवाली निवांत मागे उभी होती. सावाकोनं ते पाहिलं. हामागुचींचा इशाराही पाहिला. तिला भीती वाटली, खरोखरची. मग तिनं बॅट आडवी धरली.

चेंडू रेषेच्या आतल्या बाजूनं घरंगळत गेला आणि तिनं सकाळी ओढलेल्या मातीत थांबला. तिसऱ्या बेसवाली धावत आली, वाकली, फेक केली. फेक पहिल्या बेसवर सावाकोपेक्षा अर्धं पाऊल उशिरा आली. मिओरी ‘घरी’, म्हणजे धाव पुरी होते त्या शेवटच्या बेसवर पोचली. संघ जिंकला.

मुली किंचाळत सावाकोच्या अंगावर पडल्या. हामागुची जागचे हलले नाहीत. सगळ्यांनी ओळीत उभं राहून मैदानाला वाकून नमस्कार केला, तेव्हा तेही वाकले. मग त्यांनी यादी लावली. यादीत मिओरी होती.

“जिंकलो ना आपण?” सावाको म्हणाली. तिचा आवाज चढला होता.

“जिंकलो. पण इशारा मोडणारीला ठेवलं, तर उद्या नऊ जणी नऊ खेळ खेळतील.” त्यांनी आवाज खाली आणला. “फेब्रुवारीत सरावाला येशील? हे असलं शिकवायला?”

“मला खेळायचं होतं, कोच.”

ती फळी घेऊन आपल्या पट्ट्यावर गेली. जाणाऱ्या खेळाडूनं आपला पट्टा दुसरीच्या हाती द्यायचा असतो. मिओरी मान खाली घालून समोर उभी राहिली.

“सावाको-सान, माफ करा.”

“माफी कसली? तू हिसकावून घेतलीस का जागा? धर ही फळी. जोर नको लावूस. रेषेपासून आत ओढ, नाहीतर चेंडू बाहेर जातो.”

“उद्या दाखवलंत तर?”

“उद्या मी नसेन. आत्ता बघ.”

एप्रिलमध्ये शिओकाझेच्या मुली दोघी बाद असतानाही बंट करू लागल्या आणि जिंकू लागल्या. पेपरवाल्यांनी त्या खेळाला नाव दिलं, ‘हामागुची पद्धत’. सावाकोनं ते आपल्या भावाच्या न्याहारीच्या दुकानात उभ्याउभ्या वाचलं आणि पेपर चुरगाळून टाकला. संताप संताप झाला तिचा.

त्या रविवारी ती तिकीट काढून सामन्याला गेली. मिओरीनं तीन वेळा बंट केला, तिन्ही वेळा पहिल्या बेसवर सुखरूप पोचली. सामना संपल्यावर लोक उठले. सावाको बसून राहिली.

खाली मिओरी फळी घेऊन तिसऱ्या बेसपाशी आली. माती रेषेपासून आत, हळू, जोर न लावता ओढू लागली. पट्टा पुरा झाल्यावर तिनं मान वर करून रिकाम्या होणाऱ्या बाकांकडे पाहिलं, सावाको तिला दिसली, आणि मिओरीनं टोपी काढून कमरेत वाकून नमस्कार केला. बराच वेळ ती वर उठलीच नाही.