एका हातावर लिफ्ट

पडती लिफ्ट सिनेमातला महानायक एका हाताने झेलू शकेल का, यावर फॅन ग्रुपमध्ये तीन दिवस रिकामटेकड्यांचं रणकंदन माजलं होतं. ग्रुपमधला एक लिफ्ट मेकॅनिक म्हणत होता, हात लिफ्टच्या तळातून आरपार जाईल. ‘वज्रमूठ’ नावाचा विद्वान त्याला अडाणी ठरवून मोकळा झाला होता.

चौथ्या दिवशी मेकॅनिकने दोन मजल्यांमध्ये अडकलेल्या लिफ्टचं दार उघडलं. आत घामाघूम झालेले एक काका मोबाइल बडवत होते.

“काका, हात द्या.”

“थांब रे, एका अडाण्याला लिफ्ट समजावतोय!”

मेकॅनिकचा खिसा थरथरला. त्याने मेसेज वाचला.

“वज्रमूठ, तो अडाणी मीच. हात आरपार जातो म्हणा, लगेच बाहेर काढतो.”

काकांनी दातओठ खाल्ले. “दार लाव!”

मेकॅनिकने ते लावलं आणि जिन्यात बसून उत्तर लिहायला घेतलं.