वेस्टगेटची नळी

माझ्या मुलीच्या गाडीची नळी मीच काढली. ती अंघोळीला गेली होती आणि आमचे हे आत तिचा डबा बांधत होते. सांडू नये म्हणून तीन-तीन पिशव्यांत. तू गेलीस की करमणार नाही, एवढं चार शब्दांत म्हणायचं सोडून माणूस पिशव्यांना गाठी मारत बसतो. मी तरी कुठे म्हटलं होतं?

गॅरेजवाल्याच्या घरात जन्म काढल्यावर बाईला एवढं येतंच. दुसऱ्यांचे नवरे जेवताना राजकारण काढतात, आमचे हे टर्बो काढत. इंजिनाचा धूर बाहेर जाता जाता एक पंखा फिरवतो, त्याच्या जोरावर इंजिनात जास्तीची हवा कोंबली जाते, म्हणून एवढंसं इंजिनही मोठ्या तोऱ्यात पळतं. हवेचा दाब फार वाढला तर एक झडप उघडते आणि धूर पंख्याला वळसा घालून निघून जातो. त्या झडपेला वेस्टगेट म्हणतात. दाब वाढलाय हे तिला कळतं ते करंगळीएवढ्या रबरी नळीतून. नळी निघाली की झडप बंदच राहते आणि दाब चढत जातो. पण घाबरायचं कारण नाही, हे म्हणत, पुढे सेन्सर बसलेला असतो. दाब हद्दीबाहेर गेला की तो कॉम्प्युटरला कळवतो, कॉम्प्युटर डिझेल द्यायला हात आखडता घेतो, गाडी लंगडते, पण इंजिन वाचतं.

ऐकून ऐकून माझे कान किटले होते. मुलगी मात्र घास हातात धरून ऐकायची. त्याच वेडापायी ती गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर झाली आणि आता कंपनी तिला इतक्या लांब पाठवत होती, की पुन्हा कधी येईल ते तिलाही सांगता येईना.

माझा हिशेब साधा होता. सपाटीला गाडी बरी चालेल, गावाबाहेरच्या चढावर जोर लावला की लंगडेल, ती परत येईल. नवीन भाग मागवण्यात दोन-चार दिवस निघतील. इंजिनाला धक्का नाही, पोरीलाही नाही. संध्याकाळी काय रांधायचं तेसुद्धा मी ठरवून टाकलं होतं.

आणि ती खरंच परत आली. गाडी कण्हत कण्हत दारात उभी राहिली. ह्यांनी आतून स्कॅनर आणून जोडला, पडद्यावर पाहिलं आणि म्हणाले, ओव्हरबूस्ट, म्हणजे दाब हद्दीबाहेर गेलाय. मग बॉनेट उघडून वाकले. नळी लोंबत होती. तिची क्लिप मी स्वयंपाकघरातल्या चिमट्याने ओढली होती, ती पार वाकडी झाली होती. कुठलाही मेकॅनिक क्लिप अशी काढत नाही. ह्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. आता माझी खरडपट्टी निघणार म्हणून मी पदर सावरून उभी राहिले.

"सेन्सर गेलाय," ते मुलीला म्हणाले. "मागवावा लागेल."

गिऱ्हाइकाशी कधी खोटं न बोललेला माणूस! माझे डोळेच भरून आले. एवढ्या वर्षांच्या संसारात आमचं दोघांचं इतकं एकमत कधी झालं नसेल.

पण मुलगी त्यांचीच. बघू, म्हणत तिने त्यांना बाजूला सारलं आणि स्वतः वाकली. मग नळी हातात धरून, आमच्या दोघांकडेही न पाहता, चढावर काय झालं ते सांगायला लागली. पुढे सामानाने भरलेला टेम्पो होता. त्याला ओलांडायला म्हणून तिने गाडी बाहेर काढली, जोर लावला, आणि ऐन मध्यावर गाडीने जीव सोडला. समोरून ट्रक आला. ती टेम्पोच्या मागे कशीबशी शिरली.

इंजिन वाचतं, इंजिन वाचतं, एवढंच मी ऐकलं होतं. गाडी कुठे लंगडेल हे डोक्यातच आलं नाही.

"मी काढली," ह्यांनी पटकन सांगितलं.

"नाही," मी म्हटलं. "मी. तू जाऊ नयेस म्हणून."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती पायरीवर बसली. कंपनीने तिला आठवडाभर उशिरा यायची मुभा दिली होती म्हणे. काल दिवसभर ती मला विचारत होती, उद्या निघू का, आणि मी दर वेळी म्हटलं होतं, निघ बाई, उगाच उशीर नको. म्हणजे पोरीला घालवलं कोणी, तर मीच.

मग आता राहा की, हे म्हणाले. तिने मान हलवली. जरा वेळापूर्वीच, चढ लागायच्या आधी, तिने तिकडे फोन करून आजच निघालेय असं कळवलं होतं. तिच्यासाठी माणसं थांबली होती.

ह्यांनी नवी क्लिप आणली. तिने नळी बसवली, दोनदा ओढून पाहिली, हात पुसले आणि गाडीत बसली. मी खिडकीशी गेले.

"थांब," मी म्हटलं.

तिने स्टिअरिंगवरचे हात मांडीवर घेतले. "परत म्हण."

"थांब ना गं."

तिने डोळे मिटून ऐकलं. मग गाडी सुरू केली आणि गेली.