ओठांच्या आत

सुचिता रबाळ्याच्या एका लॅबमध्ये दातांच्या कवळ्या बनवते. दर रविवारी ती वाशीच्या क्लासमध्ये कॉम्प्युटरवर थ्रीडी पात्रं घडवायला शिकते. महिनाभर खपून तिने मिठागरात राबलेला एक म्हातारा घडवला होता. कुंदन सरांनी त्याचा चेहरा स्क्रीनवर गोल फिरवून पाहिला.

"सुरकुत्या मस्त जमल्यात. पण तोंड वरून चिकटवल्यासारखं वाटतंय. ओठांच्या मागे काय केलंयस?"

"काहीच नाही, सर. तोंड बंदच आहे ना त्याचं."

"मग ओठ टेकणार कशावर?"

सुचिताला हसूच फुटलं. दहा वर्षं ती लोकांना दात करून देत होती आणि याला तिने बोळकाच ठेवला होता! तिने तिथेच बसून दोन्ही जबडे घडवले, पुढचे दोन दात मुद्दाम झिजवले आणि ओठ त्यांच्यावर हलकेच बसवले. म्हातारा आता काहीतरी बोलेल असं वाटू लागलं.

"आत्ता कसा जिवंत दिसतोय," सर म्हणाले. "कान मात्र फार तरुण आहेत गं. या वयात पाळ्या लोंबतात."

"करते की!" म्हणत सुचिताने खुर्ची पुढे ओढली आणि खुशीत डावा कान स्क्रीनवर मोठा करून घेतला.