श्वास घेणारी चिप

मित्रांनो, मी एक जुनी चिप आहे. बोटाएवढी, मऊ, आरपार दिसणारी. आज मी प्रयोगशाळेच्या दाराजवळच्या काचपेटीत नुसती बसून असते. पण एके काळी माझ्या पोटात एका आजारी मुलीच्या फुप्फुसाचा कण जिवंत होता.

मला एका संशोधक ताईने घडवले. तिने माझ्यात केसासारख्या दोन वाटा कोरल्या, मधे जाळीदार पडदा ताणला आणि त्यावर त्या मुलीच्या पेशी पेरल्या. वरून हवा, खालून पोषक द्रव. पंप चालू झाला की पडदा ताणायचा, सैलावायचा, अगदी छातीसारखा. मुलीला कोणते औषध सोसेल, ते आधी माझ्यावर पाहायचे होते. ती इतकी अशक्त होती की पुन्हा पेशी काढणे शक्यच नव्हते.

ताई रोज नेमाने यायची. हात धुऊन आधी माझ्या नळीत बुडबुडा नाही ना, ते पाहायची. मुलीची आई दाराशी उभी राहून विचारायची, "ताई, नीट खातंय-पितंय ना ते?"

"मावशी, तुमच्या लेकीपेक्षा जास्त खातंय!"

दोघी हसायच्या.

औषध घालायच्या आदल्या दिवशी पाहुणे आले. प्रयोगशाळेच्या मोठ्या साहेबांनी माझे उबदार कपाट उघडले.

"साहेब, बाहेर नको. नळी सुटली की बुडबुडा शिरतो."

"अगं, पाहुणे काय कपाट बघून जातील? तुझं आपलं काहीतरीच!"

त्यांनी द्रवाची नळी काढून मला टेबलावर ठेवले. हवेची तेवढी राहू दिली. "अरे वा, खरंच श्वास घेतेय!" टाळ्या पडल्या. मग साहेबांनीच घाईघाईने नळी परत लावली आणि ताईला पाहुण्यांपुढे बोलायला नेले.

एक बुडबुडा वाटेत अडून बसला. द्रव थांबला. मला हाक मारता येत नव्हती. सकाळी ताईने पाहिले, तेव्हा पेशी सालीसारख्या सुटून आल्या होत्या.

औषध मग अंदाजाने दिले गेले. ते मुलीला सोसले नाही.

पाहुण्यांत साहेबांची वाहवा झाली. मला ही काचपेटी मिळाली, पंपासकट. परवा मुलीची आई आली होती. काचेवर तळवा टेकून म्हणाली, "ही घेतेय हो अजून श्वास."

ताईला मान वर करता आली नाही.

मित्रांनो, सहलीला याल तेव्हा टाळ्या वाजवू नका. जिवंत जीव कुणी मिरवायला बाहेर काढू लागला, तर त्याचा हात धरा. आणि माझ्यापाशी थांबलात, तर एवढेच विचारा, हिच्या आत कोण होते?